फ्लोरिडा स्टेट २०२४: १३-१ वरून थेट २-१०. नक्की बिघडलं कुठे?

टॅलाहासीकर | १ डिसेंबर २०२४

काल घरच्या मैदानावर गेटर्सकडून, म्हणजे गेन्सव्हिलच्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या टीमकडून, ३१-११ असा मार खाल्ला आणि सीझन एकदाचा संपला. बारा मॅच, दोन विजय, दहा पराभव. त्या दोनातला एक चार्ल्स्टन सदर्न या खालच्या श्रेणीतल्या टीमवर, म्हणजे तो धरायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मागच्या वर्षी याच सुमारास आपण अपराजित होतो.

सुपरबोलच्या धाग्यावर कॉलेज फुटबॉल बघणारे बरेच आयडी दिसले होते, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात: इथे विद्यापीठांच्या टीम असतात, खेळाडू विद्यार्थी असतात (कागदोपत्री तरी), आणि गावाचा शनिवार मॅचच्या वेळेवर ठरतो. बारापैकी सहा जिंकल्या की बोल गेमला, म्हणजे सीझननंतरच्या खास मॅचला, जायला मिळतं. टॅलाहासी राज्याची राजधानी असली तरी सरकारी कचेऱ्या आणि विद्यापीठ सोडलं तर इथे दुसरं काही नाही. टीम हरली की सोमवारी ऑफिसात कळतं.

२०२३ ची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. १८ नोव्हेंबरला आपल्या क्वार्टरबॅकचा (बॉल फेकून खेळ चालवणारा मुख्य खेळाडू), जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला. तरी तिसऱ्या फळीतल्या पोराला, ब्रॉक ग्लेनला, उभं करून लुईव्हिलला १६-६ हरवलं आणि एसीसी, म्हणजे आपली कॉन्फरन्स (विद्यापीठांचा गट), जिंकली. १३-०. आणि ३ डिसेंबरला निवड समितीने आपल्याला पाचव्या नंबरवर बसवून राष्ट्रीय विजेतेपदाच्या चार टीमच्या प्लेऑफमधून बाहेर काढलं. मोठ्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता प्लेऑफच्या बाहेर राहण्याची ती पहिलीच वेळ. मग ऑरेंज बोलला निम्मी टीम खेळलीच नाही आणि जॉर्जियाने ६३-३ धुतलं.

इथपर्यंत अन्याय म्हणता येईल. पण यंदाचं काय? सीझनआधी एपी या वृत्तसंस्थेच्या यादीत दहावा नंबर, एसीसीत पत्रकारांची पहिली पसंती. डब्लिनला जॉर्जिया टेकने शेवटच्या किकवर २४-२१ ने हरवलं, तिथून जी घसरगुंडी लागली ती थांबलीच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक एनएफएलची खेळाडू-निवड) आपले दहा जण गेले. व्हर्स, कोलमन, फिस्क, बेन्सन... यातले बरेच जण दुसऱ्या विद्यापीठांतून ट्रान्सफर पोर्टलने आलेले होते. ते गेले तेव्हा खाली कुणी तयार नव्हतंच, म्हणून पुन्हा पोर्टलच. दरवर्षी नर्सरीतून फुललेली रोपं आणून लावायची आणि स्वतःच्या वाफ्यात बी टाकायचंच नाही, असं चाललं होतं. एक वर्ष रोपं जगली नाहीत की बाग बोडकी.

---

रिकामटेकडा | १ डिसेंबर २०२४

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. यातलं मला काही कळत नाही, पण दुःख अस्सल दिसतंय.

---

अटलांटावाली | १ डिसेंबर २०२४

टेकची माजी विद्यार्थिनी म्हणून हजर! डब्लिनची मॅच मी सकाळपासून उपास केल्यासारखी बघितली. ४४ यार्डांची किक, घड्याळात शून्य, आणि आमच्या घरात नवरा सोडून सगळे नाचत होते (नवरा क्रिकेटवाला).

पण टॅलाहासीकर, त्या दिवशी आम्ही चमत्कार वगैरे केला नव्हता. सरळ तुमच्या पोटातून बॉल पळवत होतो आणि तुमची डिफेन्सिव्ह लाइन, म्हणजे बचावाची पुढची फळी, मागे मागे सरकत होती. तुम्ही सगळे त्या शेवटच्या किकबद्दल बोलता. त्याआधीच्या ड्राइव्हला (बॉल आमच्याकडे असतानाच्या सलग चालींत) आम्ही किती निवांत वर आलो ते बघा. मला तेव्हाच वाटलं होतं की दहावा नंबर जरा घाईने दिलाय.

---

गेन्सव्हिलचा_गणू | १ डिसेंबर २०२४

आमच्याकडून सांत्वन. झेंडा परत मिळेल का?

---

टॅलाहासीकर | १ डिसेंबर २०२४

गणू, आला का मीठ चोळायला. बाकीच्यांना संदर्भ: काल मॅच संपल्यावर गेटर्सच्या एका खेळाडूने आमच्या मैदानाच्या मधोमध झेंडा रोवला, धक्काबुक्की झाली, आणि आमच्या कोचने, माइक नॉर्व्हेलने, तो झेंडा उचलून भिरकावला. यंदा ऑफेन्समध्ये दिसलेला सगळ्यात जोरदार थ्रो तोच, असं इथे लोक म्हणताहेत.

---

मनीमाऊ | १ डिसेंबर २०२४

माझी लेक यंदा पहिल्या वर्षाला आहे तिथे. आम्ही सप्टेंबरमध्ये तिला भेटायला गेलो तेव्हा मेंफिसची मॅच होती, भर दुपारची. फुटबॉलमधलं मला फार कळत नाही, त्यामुळे जे दिसलं ते लिहिते.

डोक कॅम्पबेल स्टेडियमची पश्चिम बाजू नूतनीकरणासाठी पाडलेली. समोर क्रेन, त्यामागे मोकळं आभाळ. आम्ही बसलो तिथले ॲल्युमिनियमचे बाक असे तापलेले की लेकीने बॅगेतला टॉवेल पसरला तेव्हा कुठे टेकता आलं. सुरुवातीला तो ओसिओला, त्यांचा योद्ध्याच्या वेशातला प्रतीकपुरुष, घोड्यावरून आला, पेटता भाला मैदानात रोवला, आणि आजूबाजूचे सगळे हात वरखाली करत तो हुंकार काढायला लागले. अंगावर काटा आला खरं सांगते. लेक तर रडायचीच बाकी होती.

तिसऱ्या क्वार्टरला पुन्हा कुणीतरी कोपऱ्यात तोच हुंकार सुरू केला. दोन-तीन रांगांनी साथ दिली, मग आपोआप बंद पडला. आमच्या पुढे एक गृहस्थ होते, चेहरा टीमच्या रंगांत, अर्धा गार्नेट (गडद लाल) अर्धा सोनेरी, घामाने सगळा रंग गळ्यापर्यंत ओघळलेला. ते शेवटपर्यंत एकच वाक्य म्हणत होते, आम्ही या मेंफिसवाल्यांना इथे यायचे पैसे दिलेत. २०-१२ ने हरलो.

लेकीला विचारलं, पश्चात्ताप होतोय का इथे आल्याचा? म्हणाली, आई, मी बायोलॉजी शिकायला आलेय. पण पुढच्या मॅचला पुन्हा गेलीच!

---

अटलांटावाली | १ डिसेंबर २०२४

मनीमाऊ, काय सुंदर लिहिलंयस. आणि मेंफिस म्हणजे नॉर्व्हेलची जुनी टीम. २०१६ ते २०१९ तो तिथेच कोच होता. ज्यांनी घडवला त्यांनीच येऊन दाखवून दिलं.

---

आकडेबहाद्दर | २ डिसेंबर २०२४

इथे सगळेच नशीब, अन्याय, डब्लिनची किक वगैरे बोलताहेत म्हणून काल रात्री बसून बेरीज केली. बारा मॅचमध्ये केलेले गुण १८५, खाल्लेले ३३६. म्हणजे मॅचमागे १५.४ गुण. चार्ल्स्टन सदर्नवरचे ४१ काढले तर उरलेल्या अकरा मॅचमध्ये १४४, म्हणजे तेरा आणि थोडे. डब्लिनला २१ केले, त्यानंतर मोठ्या टीमविरुद्ध एकदाही २१ पर्यंत पोचलो नाही. १३, १२, १४, १६, १३, १६, १४, ११, ३, ११.

आता नशिबाचं बघू. दहा पराभवांपैकी एका टचडाउनच्या (सहा ते आठ गुणांच्या) आसपासचे किंवा कमी फरकाचे किती? टेक (३), मेंफिस (८), ड्यूक (७). बस. बाकी सातही पराभव १५ किंवा जास्त गुणांचे. बॉस्टन कॉलेज २८-१३, एसएमयू ४२-१६, क्लेम्सन २९-१३, मायामी ३६-१४, नॉर्थ कॅरोलायना ३५-११, नोत्र दाम ५२-३, आणि परवाची. चेंडू इकडचा तिकडे उडाला असता तर जिंकलो असतो अशा मॅच तीनच. म्हणजे नशिबाने पूर्ण साथ दिली असती तरी ५-७.

ड्यूकचं वेगळं सांगायला हवं. फ्लोरिडा स्टेट आणि ड्यूक त्याआधी बावीस वेळा खेळले होते आणि बावीसही वेळा ड्यूक हरलं होतं. यंदा तेही जिंकलं.

---

गेन्सव्हिलचा_गणू | २ डिसेंबर २०२४

आकडेबहाद्दर, मेलेल्याला किती मारशील.

---

बिनधास्त_नागपुरी | २ डिसेंबर २०२४

टॅलाहासीकर भाऊ, तुमचं पोर्टलवालं लॉजिक मला पटून नाही राहिलं. मी इंडियानात असतो. आमची टीम मागच्या वर्षी ३-९ होती. कोच सिग्नेटी आला, येताना जेम्स मॅडिसनची डझनभर पोरं घेऊन आला, क्वार्टरबॅक ओहायोवरून उचलला, आणि परवा पर्ड्यूला ६६-० हाणून ११-१ झाली ना राजा! तेबी पोर्टलच हाय. ॲरिझोना स्टेट घ्या, तेबी ३-९ होते, यंदा १०-२. पोर्टलनं कोणी बुडत असतं तर आमी पहिले बुडलो असतो.

मग तुमचंच बुडालं ते का?

---

टॅलाहासीकर | २ डिसेंबर २०२४

नागपुरी, मुद्दा बिनतोड आहे, आणि इंडियानाचं मी मुद्दाम टाळलं होतं असंही नाही. फरक असा वाटतो. सिग्नेटीने आणलेली पोरं त्याच्याच हाताखाली खेळलेली होती, एकमेकांना ओळखत होती. आमचा क्वार्टरबॅक उइयांगालेले पहिले क्लेम्सनला, मग ओरेगन स्टेटला, तिथून इकडे. तिसरं विद्यापीठ. हात दणकट, पण समोरून दोन सेकंदांत माणूस अंगावर आला की तो हात काय करणार? एसएमयूच्या मॅचमध्ये त्याचं बोट दुखावलं, मग ग्लेन, मग क्रोमेनहुक हा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. तिघांचीही तीच गत झाली. क्वार्टरबॅक बदलून उपयोग नव्हता, ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे त्याला वाचवणारी पुढची फळी, उभीच राहत नव्हती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि लाइन ही अशी गोष्ट आहे की ती पोर्टलमध्ये चांगली मिळत नाही. ज्याच्याकडे चांगला टॅकल (लाइनच्या टोकाचा खेळाडू) आहे तो त्याला सोडतच नाही. सतरा-अठराव्या वर्षी उचलायचा, दोन-तीन वर्षं खाऊपिऊ घालायचा, वजन वाढवायचं, मग तो उभा राहतो. आमच्याकडे ते झालं नाही. रिसीव्हर (बॉल झेलणारे), पास रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारे) मिळतात बाजारात. ते आम्ही २०२२-२३ ला भरपूर आणले आणि त्यावर १३-० मिरवलं.

---

बिनधास्त_नागपुरी | २ डिसेंबर २०२४

हां, हे पटलं. पण मग धाग्याचं नाव बदला, पोर्टल नाही, लाइन म्हणा.

---

चिंतोपंत | ३ डिसेंबर २०२४

मुलांनो, धागा आवडला. मी १९७४ साली टॅलाहासीला एम.एस. करायला आलो. त्याच्या आदल्या वर्षी टीम ०-११ होती आणि मी आलो त्या वर्षी १-१०. यंदाची २-१० ही त्यानंतरची सगळ्यात वाईट, हे वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा एकदम तरुण झाल्यासारखं वाटलं.

तेव्हा आम्ही चार मराठी मुलं एका खोलीत राहायचो. मॅचला जाण्याचं कारण खेळ नव्हतं, वसतिगृहात शनिवारी संध्याकाळी चिटपाखरू नसायचं हे होतं. स्टेडियम अर्धं रिकामं. विद्यापीठात फुटबॉल बंद करावा की काय अशीही कुजबूज होती. १९७६ ला वेस्ट व्हर्जिनियाहून बॉबी बाउडन आले. पहिल्या वर्षी ५-६. त्यानंतर २००९ ला निवृत्त होईपर्यंत हरलेला सीझन म्हणून नाही. १९८७ ते २००० सलग चौदा वर्षं पहिल्या पाचात. १९९३ आणि १९९९ ला राष्ट्रीय विजेतेपद.

पण मला सांगायचंय ते १९८१ बद्दल. पैसे हवे होते म्हणून बाउडननी कुणाच्याही घरी जाऊन खेळायचं कबूल केलं होतं. त्या वर्षी सलग पाच मॅच परक्या मैदानांवर: नेब्रास्का, ओहायो स्टेट, नोत्र दाम, पिट्सबर्ग, एलएसयू. पाचातल्या तीन जिंकले. सीझन संपला ६-५ वर, म्हणजे कागदावर साधारणच. पण त्यानंतर फ्लोरिडातल्या शाळांमधली पोरं स्वतःहून इकडे बघायला लागली, आणि पुढची वीस वर्षं त्या पोरांवर चालली. टॅलाहासीकर म्हणतात ते बी टाकणं हेच. आता खेळाडू पैसे मोजून येतात-जातात, त्यामुळे बाउडनची रीत जशीच्या तशी चालणार नाही हे मला कळतं. तरी फ्लोरिडासारख्या राज्यात राहून, जिथे शाळाशाळांत ही पोरं आहेत, तिथे लाइन बांधता येऊ नये याचं नवल वाटतं.

---

मनीमाऊ | ३ डिसेंबर २०२४

पंत, तुमच्या त्या चौघांच्या खोलीवर वेगळा धागा काढा. आग्रहाची विनंती.

---

रिकामटेकडा | ३ डिसेंबर २०२४

+१. आणि एक भाबडा प्रश्न: इतकं हरल्यावर कोचला घालवत का नाहीत?

---

टॅलाहासीकर | ३ डिसेंबर २०२४

पैसे. जानेवारीत अलाबामाचे कोच सेबन निवृत्त झाले, तिथल्या जागेसाठी नॉर्व्हेलचं नाव चालू लागलं, आणि आमच्यांनी घाबरून आठ वर्षांचा करार पुढे ठेवला. वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर. आता घालवायचं तर सहा कोटीच्या वर मोजावे लागतील. आधीच्या कोचला, टॅगर्टला, घालवायचे पैसे देऊन अजून वास गेलेला नाही.

म्हणून मग नोत्र दामच्या ५२-३ नंतर खालची माणसं गेली. ऑफेन्सचे ॲटकिन्स, डिफेन्सचे फुलर, रिसीव्हर्सचे ड्यूगन्स. ॲटकिन्सवर तर सीझन सुरू व्हायच्या आधीच भरतीचे नियम मोडल्याबद्दल तीन मॅचची बंदी होती, म्हणजे सुरुवातच तशी झाली. आता गस माल्झान येतोय ऑफेन्सला, नेब्रास्काहून टोनी व्हाइट डिफेन्सला. माल्झान आणि नॉर्व्हेल तल्सात एकत्र होते, सूर जुळायला हरकत नाही.

---

अटलांटावाली | ३ डिसेंबर २०२४

सेबनच्या निवृत्तीचा फटका वॉशिंग्टनलाही बसला की. १४-१ करून फायनल खेळलेली टीम, कोच डिबोर अलाबामाला गेला, यंदा ६-६. टीसीयू २०२२ ला फायनलला, जॉर्जियाकडून ६५-७, पुढच्या वर्षी ५-७. चढल्यावर आपटणं हे तुमचंच वैशिष्ट्य नाही. फक्त तुमचा कोच गेला नाही आणि तरी तुम्ही सगळ्यांपेक्षा जोरात आपटलात. त्याचं उत्तर लाइनमध्ये पूर्ण मिळतं असं मला वाटत नाही. त्या डिसेंबरला तुमची पोरं मनातून उठली. ज्यांना जिंकूनही काही मिळालं नाही, ती पुढच्या वर्षी कशाला जीव टाकतील?

---

टॅलाहासीकर | ४ डिसेंबर २०२४

पण त्या डिसेंबरची पोरं गेली ना बहुतेक! ऑरेंज बोल न खेळलेले निम्मे ड्राफ्टला, काही पोर्टलला. मनातून उठलेली असती तर कुणीतरी चिडलेलं तरी दिसलं असतं. मला यंदा मैदानावर चीड दिसली नाही, अनोळखीपणा दिसला. हडलमध्ये (चाल ठरवायला घोळका करतात तिथे) शेजाऱ्याचं नाव माहीत आहे की नाही अशी शंका यावी.

---

अटलांटावाली | ४ डिसेंबर २०२४

असहमत, पण चालेल.

---

(धागा वर काढतोय)

टॅलाहासीकर | ३१ ऑगस्ट २०२५

अलाबामाला ३१-१७!!! काल डोकला होतो. आवाज बसलाय, म्हणून लिहितोय. क्वार्टरबॅक कोण माहितीये? कास्टेयानोस. तोच, जो मागच्या सप्टेंबरला बॉस्टन कॉलेजकडून खेळत आपल्याला याच मैदानावर २८-१३ ने हरवून गेला होता. पोर्टलनेच आणला. नागपुरी भाऊ, काय बोलायचं ते बोला.

---

बिनधास्त_नागपुरी | ३१ ऑगस्ट २०२५

काही नाही बोलत. हसून राहिलो फक्त.

---

चिंतोपंत | ३१ ऑगस्ट २०२५

रात्री उशिरापर्यंत जागलो, बायको ओरडली. लाइन बघितली का? काल ती पुढे सरकत होती.

---

गेन्सव्हिलचा_गणू | ३० नोव्हेंबर २०२५

धागा वर काढायची पाळी माझी. ४०-२१. पुन्हा.

---

टॅलाहासीकर | ३० नोव्हेंबर २०२५

होय बाबा. ५-७. व्हर्जिनियाला दोन ओव्हरटाइममध्ये ४६-३८ ने हरलो आणि तिथून सलग चार गेल्या. घराबाहेर पाचच्या पाच हरलो. सहावा विजय मिळाला असता तर निदान बोल गेम तरी. आणि नॉर्व्हेल २०२६ लाही राहणार. घालवायचे पैसे अजूनही तेवढेच डोंगराएवढे आहेत, त्यामुळे आश्चर्य नाही. मला मात्र आता बदल हवा होता. अलाबामाला हरवणारी टीम स्टॅनफर्डकडे जाऊन २०-१३ ने हरते तेव्हा ती खेळाडूंची चूक राहत नाही, ती तयारीची.

---

आकडेबहाद्दर | १ डिसेंबर २०२५

मी उलटं म्हणेन. त्या चार सलग पराभवांतला फरक बघा: ८, ६, ३, ७. मागच्या वर्षी दहातले तीन पराभव जवळचे होते, यंदा सातातले चार. मागच्या वर्षी नशिबाची सबब चालत नव्हती, यंदा थोडी चालते. गुण होताहेत, लाइन उभी राहतेय. अशा टीमचा कोच बदलून पुन्हा पहिल्यापासून पोर्टल उपसायचं म्हणजे परत तुमच्याच पहिल्या पोस्टवर येणं झालं.

---

टॅलाहासीकर | १ डिसेंबर २०२५

सहा वर्षांत चार वेळा हरलेला सीझन दिलाय त्याने. ३-६, ५-७, २-१०, ५-७. जवळून हरलो म्हणून किती दिवस गप्प बसायचं?

---

मनीमाऊ | १ डिसेंबर २०२५

लेक विचारतेय, पुढच्या सीझनला तरी मॅच संध्याकाळच्या ठेवतील का. दुपारच्या नकोत म्हणावं.